बदलीच्या मोसमातला मदरबोर्ड

“आणि ट्रकमध्ये ते ठेवायचं कुठे, तेही सांगून टाक,” प्रसन्न म्हणाला.

“ट्रक दारात आलाय का?” नीलिमाने आमटीची वाटी त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवली. “यादी तरी आलीय का?”

“बदल्यांच्या याद्या मे महिन्यात येतात. आणि हा मे महिना आहे.”

भांडण सकाळच्या पोह्यांपासून चाललं होतं. ते जेवणापर्यंत आलं तरी दोघांपैकी कोणी दमलं नव्हतं. विषय होता मदरबोर्डचा. संगणकाच्या पेटीत जी पाटी असते, जिच्यावर प्रोसेसर, मेमरी आणि बाकी सगळं बसवतात, ती नीलिमाला नवी हवी होती आणि पूर्ण आकाराची हवी होती. पाटी मोठी म्हणजे पेटीही मोठी, गुडघ्याला लागेल एवढी. प्रसन्नचं म्हणणं एवढंच की मे महिन्यात या घरात जड वस्तू येत नाही.

“आई, मतलब तू सीरियस आहेस?” तनया भात कालवताना म्हणाली. ती भोपाळ आणि जयपूरमध्ये वाढलेली, आता इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी. तिचं मराठी घरापुरतं होतं. “मग तो व्हाइटवाला घे ना. त्याच्यात लाइट्स पण आहेत. किती सुंदर दिसतो.”

“शोभेला घरात तू आहेस,” नीलिमा म्हणाली. “मला दुपारी दोन वाजता न झोपणारा बोर्ड हवाय.”

ज्यांच्या घरी कधी बदली आली नाही, त्यांना हे भांडण कळायचं नाही. प्रसन्न बर्वे सरकारी विमा कंपनीत अधिकारी. अमरावतीहून रायपूर, रायपूरहून जबलपूर, मग भोपाळ आणि आता जयपूर. मार्च ते जून हा त्यांच्या घरी बदलीचा मोसम. या मोसमात नवं काही घ्यायचं नाही, कुंडीतलं रोप मोठ्या कुंडीत लावायचं नाही, वर्षाचं लोणचंसुद्धा घालायचं नाही, कारण मुरायच्या आत ते ट्रकमध्ये चढायचं. माळ्यावर टीव्हीपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं आतल्या थर्माकोलसकट जपलेलं. त्यातून प्रसन्नचं कामच वाहतुकीतल्या नुकसानीचे दावे तपासायचं. दुसऱ्यांना ट्रकमध्ये सामान दिसतं, त्याला तडे दिसायचे.

नीलिमा फिजिक्समधली बी.एस्सी. रायपूरच्या शाळेत तिने प्रयोगशाळा नीट लावली आणि ती लावून होईतो जबलपूरची ऑर्डर आली. भोपाळला दहावीचा वर्ग मिळाला. प्रकाशाचं अपवर्तन शिकवून झालं, विजेचा धडा राहिला. तिने शिकवलेल्या एकाही वर्गाचा निकाल तिने त्या गावात राहून पाहिला नव्हता. त्यामुळे जयपूरला आल्यावर मालवीय नगरातल्या शाळांमध्ये तिने अर्जच केले नाहीत. कोणी नोकरीचं विचारलं की ती म्हणायची, मेनंतर सांगते. याची इतकी सवय झाली होती की एकदा दातांच्या डॉक्टरांनाही ती तेच म्हणाली.

संगणक तिच्या हाती आला तो तनयाला ऑफिसचा लॅपटॉप मिळाल्यावर. कॉलेजात असताना घेतलेला तो डेस्कटॉप कोपऱ्यात जुन्या ओढणीखाली पडून होता. बँकेची कामं करायला नीलिमाने तो सुरू केला. तो रेंगाळत उठायचा. एका दुपारी तो सुरू होत असताना तिच्याकडून भलतीच कळ दाबली गेली आणि समोर आकड्यांनी भरलेला एक काळा पडदा आला. दुसरी कोणी असती तर घाबरून बटण बंद केलं असतं. नीलिमाने चष्मा लावला. व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी. माहेरची माणसं अचानक बाजारात भेटावीत तसे ते शब्द तिला भेटले.

पुढचे काही दिवस ती फक्त वाचत होती. तिला कळलं की तनयाच्या संगणकातला प्रोसेसर खुल्या जातीचा आहे. म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे तो आपल्या जबाबदारीवर पळवता येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवायचा तर व्होल्टेज थोडं वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते आणि उष्णता सांभाळता आली नाही तर सगळं कोसळतं. यात तिला न समजण्यासारखं काहीच नव्हतं. तिने वेग एक पायरी वाढवला आणि संगणक पुन्हा सुरू केला. तो उठला. आणखी एक पायरी. पुन्हा उठला. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचं पीठ झालं. ती मात्र त्या डाळीसमोर उभी राहून एकटीच हसत होती.

मग तिला मंडळी सापडली. ‘लू-लोड’ नावाचा एक ऑनलाइन गट. तिकडे उन्हाळ्यात अंग भाजणारा वारा सुटतो, त्याला लू म्हणतात. बिकानेर, कोटा, नागपूर, ग्वाल्हेर अशा तापणाऱ्या गावांतले हौशी लोक त्यात होते. थंड गावातल्या लोकांनी मोठे वेग दाखवावेत यात काय आलं, असा त्यांचा बाणा. म्हणून दर मे महिन्यात ते एक परीक्षा ठेवत. भर दुपारी, एसी आणि कूलर बंद करून, खोलीतलं तापमान कॅमेऱ्यात दिसेल असं ठेवून, वाढवलेल्या वेगावर संगणकाला पूर्ण तासभर राबवायचं. मध्ये वेग घसरला किंवा संगणक बंद पडला तर नापास. गटात बरेच दिवस सगळे तिला ‘बर्वे भैया’ म्हणत होते. एकदा तिने प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतानाचा फोटो टाकला, त्यात हिरव्या बांगड्या दिसल्या. त्यावर एकच उत्तर आलं, बिकानेरच्या एका गृहस्थांचं: “दीदी, पेस्ट थोड़ा कम लगाइए.”

गेल्या मे महिन्यात ती त्या परीक्षेला बसली आणि नापास झाली. तेव्हा जी चूक झाली होती, ती बदलीवाल्याच घरात होऊ शकते. आधीचा बोर्ड वेग फार वाढवू देत नव्हता, म्हणून नवा घ्यायचा ठरला तो ऐन एप्रिलमध्ये. प्रसन्नने विरोध केला नाही. त्याने टेप आणली आणि खाली जाऊन गाडीच्या पुढच्या सीटसमोरची जागा मोजली. ट्रकमध्ये नको, माणसाच्या पायाशी नीट बसेल अशी पेटी हवी. त्या पेटीत बसेल असा बोर्ड हवा. अशा रीतीने मदरबोर्ड गाडीच्या मापाने निवडला गेला. तो सगळ्यांत छोटा होता आणि त्या वेळी तिघांनाही आपण फार शहाणपणा केला असं वाटलं होतं. नीलिमालासुद्धा.

बोर्ड वाईट नव्हता. थंडीत तर इतका सुरेख चालला की तिने त्याचं गटात कौतुक केलं. पण मे महिन्याच्या दुपारी तो अर्ध्या वाटेवर वेग सोडायचा आणि मग खटकन बंद व्हायचा. प्रोसेसरचं तापमान बघावं तर ठीक. मग तापतंय काय? या वर्षी होळी झाल्यावर तिने छडा लावायचा ठरवला. कोरोनाच्या वेळी घेतलेली कपाळासमोर धरायची ताप मोजायची बंदूक तिने कपाटातून काढली आणि पेटी उघडून एकेका भागावर रोखली. प्रोसेसरच्या बाजूला छोट्या भागांची एक ओळ होती. प्रोसेसरला लागणारी वीज तिथूनच जाते. तिथे बंदूक तांबडी होऊन ओरडली. अर्थात जयपूरच्या उन्हाळ्यात भिंतीवर रोखली तरी ती ओरडते, त्यामुळे तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. तिने टेबलफॅन आणून फक्त त्या ओळीवर वारा सोडला. संगणक आधीपेक्षा बराच जास्त वेळ टिकला. पंखा काढला, पुन्हा कोसळला. पुन्हा लावला, टिकला.

ती पदराने घाम पुसत हॉलमध्ये आली आणि तिने जाहीर केलं की प्रोसेसर निर्दोष आहे. छोट्या पाटीवर वीज पुरवणाऱ्या भागांना श्वास घ्यायला जागा नाही. त्यांच्यावर बसवलेला धातूचा ठोकळा पानाच्या डबीएवढा आणि वर पेटी घुसमटलेली.

“म्हणजे बोर्डाची चूक,” प्रसन्न म्हणाला.

“बोर्डाची कशाला? टेपची.”

त्या क्षणापासून तिला झोप लागेना. भाजी निवडताना एका हाताने ती बोर्डांचे फोटो मोठे करून बघायची. कोणता बोर्ड मिनिटभर सगळ्यांत वर उडी मारतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ठरवलेला वेग जो तासभर, आणि उद्याही, आणि परवाही धरून ठेवेल तो हवा. वीजपुरवठ्याच्या भागांवर जाड, खाचा पाडलेला धातू हवा. त्या जागेचं तापमान पडद्यावर दिसायला हवं, म्हणजे तापाच्या बंदुका नकोत. तिची यादी गळत गळत एका काळ्या, बिनदिव्यांच्या बोर्डावर येऊन थांबली. दिसायला तो अगदी शिरपेच काढून ठेवलेल्या नवरदेवासारखा होता, असं तनया म्हणाली. परीक्षा महिनाअखेरपर्यंतच होती. आणि त्याच्या आधी बदलीच्या यादीत नाव आलं की पेटी खोक्यात जाणार, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

म्हणून ते जेवणावरचं भांडण. त्यातून काही निघालं नाही. प्रसन्न आमटी-भात संपवून वामकुक्षीला गेला आणि नीलिमाने ओटा आवरला. दुसऱ्या दिवशी तनयाचं काम घरून होतं. लवकर आटपून ती म्हणाली, चल, मी स्कूटर काढते.

एम. आय. रोडजवळच्या बाजारात दशरथजींचं दुकान होतं. सुटे भाग विकणारे, शांत, कपाळावर टिळा लावलेले गृहस्थ. त्यांनी तनयाकडे बघून बोर्ड दाखवायला सुरुवात केली. तनयाने नुसतं बोट करून आईला दाखवलं. नीलिमाने काळ्या बोर्डचा नमुना हातात घेतला, तिरपा करून धातूचे ठोकळे बघितले आणि विचारलं की याच्यावर माझा प्रोसेसर लावून इथेच चालवून दाखवाल का. प्रोसेसर तिने पर्समधून काढला. तो आपल्या मूळ प्लास्टिकच्या कवचात होता, ते कवच मूळ डबीत होतं. या बाबतीत बदलीचं घर कामी आलं.

दशरथजींनी टेबलावर सगळं जोडलं. वेग चढवला, चाचणी सुरू केली. आकडे स्थिर. ते समाधानाने मागे टेकले.

“एसी बंद कर दीजिए,” नीलिमा म्हणाली.

त्यांना वाटलं बाईंना थंडी वाजतेय. ती म्हणाली, “भैया, ठंड में तो सब अच्छे होते हैं.”

दशरथजींनी हसत उठून एसी बंद केला, वर दरवाजाही उघडा टाकला. रस्त्यावरची लू आत आली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं कुरकुरली आणि मग पडद्यावर काय चाललंय ते बघायला टेबलाशी आली. तिच्याच शेजारी दुसऱ्या टेबलावर एका माणसाचा संगणक तपासायला आलेला होता, दर दोन दिवसांनी बंद पडणारा. वाट बघता बघता नीलिमाने त्याच्या सेटिंगमध्ये डोकावलं आणि मेमरीचा वेग जास्त ठेवलाय तो उतरवून बघा म्हणाली. तनयाने तिच्या कानाशी कुजबुजून सांगितलं की आई, तुझा चेहरा लाल झालाय, तू ठीक आहेस ना. नीलिमा ठीक होती. इतकी ठीक ती बऱ्याच वर्षांत नव्हती. पडद्यावर त्या ओळीचं तापमान चढत चढत गेलं आणि एका जागी जाऊन बसलं. पुढे हललंच नाही.

बोर्ड आणि त्याला लागणारी मोठी पेटी बांधून देताना दशरथजी हळूच म्हणाले, “मैडम, हफ्ते में दो-तीन दिन दोपहर को आ जाया कीजिए. मशीनें बनती यहाँ हैं, पर ऐसे जाँचने का टाइम किसी के पास नहीं है. मुफ़्त में नहीं कह रहा हूँ.”

नीलिमाच्या तोंडून आपसूक निघालं, “मई के बाद बताती हूँ.”

स्कूटरवर घरी येताना ती रस्ताभर ‘मई के बाद’ एवढंच पुटपुटत होती. तनयाला वाटलं आईला ऊन लागलं.

घरी पेटी बघून प्रसन्नने टेप काढली आणि तिची उंची मोजली. तिने खोक्याची चिकटपट्टी सुरीने कापायला घेतली तेव्हा त्याच्याच्याने राहवलं नाही. “बाजूने काप. खोकं फाडू नकोस.”

परीक्षा शनिवारी. दुपारचं जेवण लवकर उरकलं. नीलिमाच्या फोनमध्ये तासभराचं चित्रण मावेना, तनयाचा चार्जिंगला, म्हणून प्रसन्नचा फोन घेतला. स्टँड नव्हता, म्हणून प्रसन्नलाही घेतला. बनियनवर, गळ्यात पंचा, खुर्चीवर उलटा बसून तिच्या पाठीवर कोपरं टेकवून तो फोन धरून बसला. कूलर बंद झाला आणि खोली तव्यासारखी तापायला लागली. टेबलावर तापमापक, शेजारी पडदा. नीलिमाने कळ दाबली.

सुरुवातीला प्रसन्न कर्तव्य म्हणून बघत होता. गेल्या वर्षी ज्या टप्प्याला संगणक बंद पडला होता तो टप्पा जवळ आला तेव्हा त्याने खालच्या आवाजात विचारलं, “इथेच ना?” नीलिमाने मान हलवली. आकडा हलला नाही. टप्पा गेला. तनयाने आईचा हात दाबला आणि प्रसन्न चित्रण चालू असताना अगदी हलकेच म्हणाला, “वा.” नंतर तेवढा आवाज गटातल्या सगळ्यांनी ऐकला.

तेवढ्यात त्याच्या हातात फोन थरथरला. फोनवर नाव आलं, अरुण. प्रसन्नचा ऑफिसातला मित्र. शनिवारी दुपारी, मे महिन्यात, अरुणचा फोन एकाच गोष्टीसाठी येऊ शकतो. नीलिमाने ते नाव वाचलं. तिने लगेच नजर पुन्हा संगणकाकडे नेली, पण तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर घट्ट दाबला गेला. फोन उचलला तर चित्रण तुटणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

प्रसन्नने फोन कापला.

अरुणने परत केला. प्रसन्नने परत कापला. घाम त्याच्या भुवईवरून डोळ्यात गेला तरी त्याने हात हलवला नाही. तनया तोंडावर हात धरून बसली होती. वीजपुरवठ्याचा आकडा एकदा एका अंशाने वर गेला, पुन्हा खाली आला आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिला. तास संपला. पडद्यावर हिरवी ओळ उमटली. एकही चूक नाही, वेग कुठेही उतरलेला नाही.

नीलिमा उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. तिला काय करावं ते कळेना. तनया तिच्या गळ्यात पडून हिंदीत काहीतरी बडबडत होती. नीलिमाने पडद्यावरची ती ओळ बोटाने वाचली, जशी ती वर्गात मुलांच्या वहीतली उत्तरं वाचायची. मग चित्रण गटात गेलं आणि बिकानेर, कोटा, नागपूर सगळीकडून उत्तरं पडायला लागली. या वर्षी पास झालेल्या पहिल्या पाचांत जयपूरच्या बर्वे दीदी होत्या. एकाने बोर्डचं नाव विचारलं, दुसऱ्याने मागे ‘वा’ म्हणणारे कोण ते विचारलं.

प्रसन्न तेवढ्यात गॅलरीत जाऊन अरुणशी बोलून आला. येताना त्याचा चेहरा फुलला होता.

“यादी आली,” तो म्हणाला. “माझं नाव नाही. अरुणचं कोइंबतूरला झालं, बिचारा. आपण इथेच.” त्याने पंचाने तोंड पुसलं, कूलर लावला आणि त्या काळ्या पेटीवर थाप मारून गोड आवाजात म्हणाला, “चला, पुढच्या मेपर्यंत तुझा बोर्ड तुझा. आणखी मोठी पेटी घे, दिवेवाली घे, काय हवं ते कर. वर्ष पडलंय.”

तनयाने टाळी वाजवली. कूलरचा पहिला ओला वारा खोलीत आला. नीलिमाने संगणक बंद केला नाही. तिने खुर्ची वळवली आणि दोघांकडे बघितलं.

“दशरथजींनी त्यांच्या दुकानात मशीन तपासायला बोलावलंय,” ती म्हणाली. “सोमवारपासून मी जाणार आहे. दुपारचा चहा तुम्ही दोघांनी करून घ्यायचा.”

“अगं, जा की,” प्रसन्न म्हणाला. “वर्षभर आहोतच आपण.”

“वर्षभराचं नाही सांगत. पुढच्या यादीत तुमचं नाव आलं तर तुम्ही जा. मी जयपूरलाच राहणार.”